काळ्या पट्ट्यांची कैफियत

अलीकडे सुखवस्तु घरांतून एक तक्रार हटकून ऐकावयास मिळते. दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठ्या हौसेनें पंचावन्न इंची टेलिव्हिजन लावावा, घरांतील सर्व मंडळींनीं समोर बसावें, आणि चित्रपट सुरू होतांच पडद्याच्या वर व खालीं दोन काळे पट्टे पसरलेले दिसावेत! चित्रपट जुना असला तर हेच पट्टे डाव्या-उजव्या बाजूंस उभे राहतात. पडद्याचे पैसे पुरे मोजले आणि चित्र मात्र अपुरें मिळालें, असा या तक्रारीचा मथितार्थ. मग कोणी तरी रिमोट हातीं घेतो, ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’ या नांवाची सोय शोधून काढतो, पट्टे नाहींसे होतात आणि मंडळी समाधान पावतात. हें समाधान किती महागांत पडतें याचा हिशेब मांडणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकानें टेलिव्हिजनच्या पडद्याच्या मोजमापाची उठाठेव कां करावी, अशी शंका कोणाच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु प्रश्न यंत्राचा दिसला तरी तो मूलतः आस्वादाचा आहे. ओवीचा चौथा चरण पहिल्या तीन चरणांहून आंखूड असतो. तो छापला म्हणजे त्याच्यापुढें थोडा कागद कोरा राहतो. हा कागद फुकट गेला असें समजून एखाद्या मुद्रकानें त्या चरणांत पदरचे दोन शब्द घुसडले, किंवा ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही लांब चरणांचे शेवट छाटले, तर त्यास आपण काय म्हणूं? मुद्रकाचा हेतु वाईट नव्हता, त्याला फक्त पान भरलेलें हवें होतें, असें म्हणून आपण त्याची गय करणार नाहीं. जी सावधगिरी आपण ओवीच्या बाबतींत बाळगतों ती चित्रपटाच्या बाबतींत सोडून देतों, याचें कारण चित्रपटाला चौकट असते आणि ती कोणी तरी विचारपूर्वक निवडलेली असते, याची जाणीवच आपणांस सहसा नसते.

प्रथम या चौकटीचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहूं. एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनीं १८९२ च्या सुमारास पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मला दोन्ही कडांनीं छिद्रें पाडून, दर चार छिद्रांच्या उंचीएवढें एक चित्र बसविलें. चित्राची रुंदी एक इंच आणि उंची पाऊण इंच. म्हणजे चारास तीन हें प्रमाण. यामागें सौंदर्यशास्त्राचा एखादा सिद्धांत असल्याचें दिसत नाहीं. पण तेंच प्रमाण जगभर रूढ झालें. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईंत लागला तो याच चौकटींत. पुढें बोलपट आला तेव्हां ध्वनीची रेघ फिल्मच्या एका कडेला उमटवावयाची म्हणून चित्राला अंग चोरावें लागलें आणि कांहीं काळ चौकट जवळजवळ चौरस झाली. फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ (१९३१) हा त्या चौकटींतील एक प्रसिद्ध जर्मन बोलपट. १९३२ सालीं अमेरिकेंतील चित्रपट-अकादमीनें चित्राची उंची किंचित् कमी करून १.३७ हें प्रमाण ठरवून दिलें, आणि नंतरचीं वीस वर्षें तें जवळजवळ अबाधित राहिलें. प्रभातचे काय, न्यू थिएटर्सचे काय, हॉलिवुडचे काय, त्या काळचे बोलपट सामान्यतः याच मापाचे आहेत.

हें प्रमाण ठरण्यापूर्वीं, १९३० सालीं, रशियन दिग्दर्शक आयझेन्स्टाइन हॉलिवुडमध्यें गेले असतां त्यांनीं चौरस पडद्याचा पुरस्कार केला होता, ही गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. रुंद पडद्याची भाषा त्या वेळींहि चालू होती. आयझेन्स्टाइन यांचा मुद्दा असा कीं, आडव्या आकारांइतकाच उभ्या आकारांनाहि पडद्यावर हक्क आहे. पडदा नुसता रुंदच करीत गेलें तर चित्रकलेनें जोपासलेली उंचीची सारी दृष्टि चित्रपट गमावून बसेल. त्यांचें म्हणणें व्यवहारांत कोणी मानलें नाहीं. परंतु त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. चौकट यंत्राच्या सोयीनें जन्माला आली असली तरी कलावंताच्या हातीं पडल्यावर ती नुसती सोय राहिली नाहीं. तिच्याविषयीं वाद घालण्याइतकी ती अर्थपूर्ण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत घरोघर टेलिव्हिजन आला. त्याचा पडदा चित्रपटावरूनच घेतलेला, चारास तीन. घरबसल्या करमणूक होऊं लागल्यावर चित्रगृहांची गर्दी ओसरली, आणि घरांत जें मावणार नाहीं तें आपण दाखवावें म्हणून चित्रपटवाल्यांनीं आपला पडदा रुंदावला. १९५२ सालीं तीन प्रक्षेपकयंत्रें एकदम चालविणारा ‘सिनेरामा’ आला. १९५३ च्या सप्टेंबर महिन्यांत ‘द रोब’ या चित्रपटाबरोबर ‘सिनेमास्कोप’ अवतरला. आंरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केलेलें भिंग येथें कामास आलें. हें भिंग विस्तीर्ण देखावा आडव्या अंगानें निम्म्यावर दाबून साध्या फिल्मवर उमटवितें. चित्रगृहांत तशाच दुसऱ्या भिंगांतून तो पुन्हा उलगडला जातो आणि माणसें आपल्या मूळ अंगलटीची दिसतात. आरंभीं पडद्याची रुंदी उंचीच्या अडीच पटींहूनहि थोडी अधिक होती, पुढें २.३५ च्या आसपास ती स्थिरावली. येथें वाचकांनीं एक भेद ध्यानीं घ्यावा. सिनेमास्कोपचें भिंग जें दाबलेलें असतें तेंच उलगडतें. घरांतील ‘स्ट्रेच’ मात्र जें कोणी कधीं दाबलेंच नव्हतें तें ताणतो.

म्हणजे रुंद पडदा हा मुळांत घरगुती पडद्याशीं काडीमोड घेण्यासाठीं जन्मला. परंतु चित्रपटाला आपल्या उत्पन्नासाठीं पुन्हा त्याच घरांत यावें लागलें, आणि मापांचा झगडा तेव्हांपासून सुरू झाला.

आतां आजच्या पडद्याचें सोळास नऊ हें प्रमाण कोठून आलें तें पाहूं. कारण तक्रारीची मेख येथेंच आहे. १९८० नंतरच्या दशकांत नव्या, अधिक स्पष्ट टेलिव्हिजनचा विचार चालू असतां कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यांनीं त्या वेळीं प्रचलित असलेल्या निरनिराळ्या प्रमाणांचे समान क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदु जुळवून ते एकमेकांवर ठेवले. ते सर्व ज्या एका मोठ्या आयतांत मावत होते त्याचें, आणि त्या सर्वांना समाईक असा जो लहान आयत मध्यें उरत होता त्याचें प्रमाण एकच निघालें, सुमारें १.७७. हेंच पुढें सोळास नऊ म्हणून मान्य झालें. गणिताच्या भाषेंत सांगावयाचें तर जुनें १.३३ आणि सिनेमास्कोपचें २.३५ या दोहोंचा तो जवळजवळ बरोबर गुणोत्तरी मध्य आहे. जुनें चित्र या पडद्याची पाऊण रुंदी व्यापतें, सिनेमास्कोपचें चित्र पाऊण उंची व्यापतें. कोणा एकावर अन्याय न होतां दोन्ही टोकांच्या चित्रांना सारखीच झीज सोसावी लागावी, अशी ही तडजोड आहे. पट्टे येणार हें धरूनच हा पडदा आंखला गेला आहे. पट्टा दिसला म्हणजे विक्रेत्यानें फसविलें असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

या हिशेबाचा कलेच्या दृष्टीनें काय अर्थ होतो तें गुरुदत्त यांच्या दोन चित्रपटांवरून उत्तम समजतें. ‘प्यासा’ १९५७ चा आणि ‘कागज के फूल’ १९५९ चा. दिग्दर्शक तेच, छायालेखक व्ही. के. मूर्ति तेच, दोन्ही चित्रपट कृष्णधवल. दोहोंचा विषयहि जगानें झिडकारलेला कलावंत हाच. फरक चौकटीचा आहे. ‘प्यासा’ जुन्या १.३७ प्रमाणांत आहे, आणि ‘कागज के फूल’ हा भारतांतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. आजच्या टेलिव्हिजनवर पहिल्याच्या दोन्ही बाजूंस पट्टे येतात, दुसऱ्याच्या वर व खालीं येतात. आणि नवल असें कीं काळा भाग दोहोंतहि सारखाच, चौथ्या हिश्शाहून किंचित् कमी.

‘प्यासा’मध्यें मृत समजला गेलेला कवि स्वतःच्याच स्मृतिसभेस येतो आणि सभागृहाच्या दारांत उभा राहतो, तो प्रसंग वाचकांनीं आठवावा. प्रकाश पाठीमागून येतो. पुढें माणसाची केवळ काळी आकृति. दोन्ही हात दाराच्या चौकटीवर पसरलेले. क्रूसावरील ख्रिस्ताची आठवण व्हावी अशी ही योजना आहे, आणि ती होते. परंतु ती कशानें होते? दार उभें आहे, मनुष्य उभा आहे, आणि चित्राच्या चौकटीलाहि त्या उभेपणास आधार देण्याइतकी उंची आहे. सभेंतील श्रोते खालीं आणि हा वर, हें नातें उंचीवांचून दाखवितांच येत नाहीं. अशा चित्रावर ‘झूम’चा प्रयोग केला म्हणजे वरचा व खालचा मिळून जवळजवळ चौथा हिस्सा नाहींसा होतो. ‘स्ट्रेच’ केलें तर कांहीं छाटलें जात नाहीं हें खरें, पण प्रत्येक आकृति सुमारें तीस टक्के रुंद होते, आणि उपासमारीनें खंगलेला कवि एकाएकीं धष्टपुष्ट दिसूं लागतो. करुणरसाची याहून सोपी हानि कोणास सुचणार नाहीं.

‘कागज के फूल’मधील तो सुप्रसिद्ध गीताचा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. रिकामा स्टुडिओ; वरून तिरपा उतरणारा प्रकाशाचा झोत; आणि एकमेकांपासून दूर उभे असलेले दिग्दर्शक आणि त्यांची नटी. हा झोत मूर्तींनीं आरशांच्या साह्यानें सूर्यप्रकाश आंत वळवून साधला होता. दोघांच्या देहांतून निघालेल्या छायारूप प्रतिमा एकमेकांकडे चालत जातात, देह मात्र जेथल्या तेथें उभे राहतात. या प्रसंगाचा विषयच मुळीं अंतर हा आहे. रुंद पडदा नवा मिळाला म्हणजे तो सैन्यानें, मिरवणुकींनीं आणि वाळवंटांनीं भरून टाकावयाचा, ही त्या काळच्या हॉलिवुडची सर्वसाधारण प्रवृत्ति होती. गुरुदत्तांनीं तो रिता ठेवला. दोन माणसांमधील न ओलांडतां येणारी जागा त्यांनीं या रुंदीनें मोजून दाखविली, आणि भारतांत प्रथमच हातीं आलेल्या साधनाचा असा उपयोग करावा, यांत आमच्या मतें त्यांची प्रतिभा दिसते.

याचा अर्थ ‘कागज के फूल’ सर्वस्वीं निर्दोष आहे असा नव्हे. नायकाच्या सासुरवाडीचे प्रसंग आणि विनोदी उपकथानक यांत कथेची वीण सैल झाली आहे. साध्या घरगुती संभाषणांत या एवढ्या रुंद चौकटीचें काय करावें हें दिग्दर्शकास प्रत्येक वेळीं उमगलेलें दिसत नाहीं. व्यवसायदृष्ट्या चित्रपट पडला, आणि त्यानंतर गुरुदत्तांनीं दिग्दर्शक म्हणून आपलें नांव दुसऱ्या चित्रपटास दिलें नाहीं. तथापि ज्या प्रसंगांसाठीं तो चित्रपट आज आठवला जातो ते सर्व चौकटीच्या रुंदीशीं एकजीव झालेले आहेत. जुन्या चारास तीनच्या संचावर असें चित्र पडदाभर दाखवावयाचें तर शंभरांतील त्रेचाळीस भाग टाकावे लागत. मग तो दिसला तर ती दिसत नाहीं, आणि ती दिसली तर तो दिसत नाहीं, अशी गत होई. ज्या प्रसंगाचा अर्थ दोघांमधील अंतर हा, त्यांतून अंतरच काढून घेतल्यावर उरतें काय?

मराठी वाचकांस याहूनहि जवळचें उदाहरण प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटाचें आहे. दामले व फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा आणि गौरीबाईंची तुकोबांची पत्नी. १९३७ सालीं हा बोलपट व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेला. त्याच्या चौकटीकडे या दृष्टीनें कोणी पाहिलें तर एक गोष्ट चटकन लक्षांत येईल. आपल्या जुन्या घरांतील जीवन हें जमिनीलगतचें जीवन. कोणी बसलेलें असतें, कोणी उभें असतें. चूल खालीं, शिंकें वर. देव गाभाऱ्यांत उंचावर आणि भक्त पायरीशीं. बसलेल्या व उभ्या माणसांना एकाच चित्रांत सांभाळावयाचें तर चौकटीस उंची हवी, आणि ती त्या जुन्या प्रमाणांत आपसूक मिळाली. शेवटीं तुकोबा गरुडाच्या वाहनावरून वैकुंठास जातात, आणि पत्नी आपल्या संसारासह खालीं भूमीवर राहते. सबंध बोलपटभर परमार्थ आणि प्रपंच यांची जी ओढाताण चालू असते ती येथें वर आणि खालीं अशा दोन दिशांत डोळ्यांसमोर मांडली जाते. वरचा भाग छाटावा तर वैकुंठाची वाट गेली, आणि खालचा छाटावा तर प्रपंच गेला.

गमतीची गोष्ट अशी कीं, मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें त्या काळच्या संचांवर असे बोलपट जवळजवळ जसेच्या तसे मावत, कारण त्या संचांचें माप जुन्या बोलपटांच्याच घराण्यांतलें होतें. चित्र धुरकट असे, आवाज खरखरे, पण पागनिसांची मुद्रा पागनिसांचीच असे. आज संच दसपट स्पष्ट झाला, आणि त्याच मुद्रेला आपण एका बोटाच्या दाबासरशीं रुंद करून पाहतों. तुकोबांचें रूप पुष्कळ मराठी माणसांच्या मनांत पागनिसांच्या चेहऱ्यानेंच वसलें आहे. तें पुढील पिढीच्या हातीं ताणलेलें, फुगलेलें किंवा कपाळावर कापलेलें जावें, ही आम्हांस क्षुल्लक गोष्ट वाटत नाहीं. घरांतील लहान मुलानें तो बोलपट पहिल्यांदा ज्या रूपांत पाहिला तेंच त्याच्या लेखीं मूळ रूप ठरतें. आणि चुकीच्या मापाची प्रत एकदां सर्वत्र पसरली म्हणजे तिच्यामागें दुसरें कांहीं होतें याचा विसर पडावयास फार काळ लागत नाहीं.

छाटण्याच्या कलेचाहि एक इतिहास आहे. रुंद चित्रपट जुन्या टेलिव्हिजनवर दाखविण्यासाठीं एक कारागीर बसवीत, आणि चित्राचा कोणता भाग ठेवावयाचा तें तो ठरवी. पात्रें दोन टोकांस असलीं तर तो आपली खिडकी एकावरून दुसऱ्यावर सरकवी, अथवा मध्येंच तोड करी. म्हणजे दिग्दर्शकानें जेथें कॅमेरा स्थिर ठेवला होता तेथें नवी हालचाल उत्पन्न होई, आणि जेथें एक अखंड चित्र होतें तेथें दोन तुकडे होत. ही नुसती वजाबाकी नव्हे, ही परक्या हातानें केलेली भरहि आहे. अमेरिकन दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनीं आपला ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डोर’ हा चित्रपट अशा रीतीनें दाखविल्याबद्दल डेन्मार्कच्या राष्ट्रीय वाहिनीवर दावा लावला. १९९७ सालीं त्याचा निकाल लागला तेव्हां अशा छाटणीनें कृतीचें विद्रूपीकरण होतें हें न्यायालयानें मान्य केलें, जरी इतर कायदेशीर कारणांनीं दावा त्यांच्या बाजूनें लागला नाहीं. वुडी ॲलन यांनीं आपला ‘मॅनहॅटन’ (१९७९) घरगुती व्हिडिओवर पूर्ण रुंदीनेंच यावा असा आग्रह धरला, आणि तो तसाच, वर-खालीं राखाडी पट्ट्यांसह निघाला. पट्टा हा अशा रीतीनें निर्मात्यांनीं झगडून मिळविलेला हक्क आहे, आणि आपण तो दोष म्हणून गणतों!

आतां प्रतिपक्षाचें म्हणणेंहि न्यायबुद्धीनें ऐकून घेतलें पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, चौकट इतकी पवित्र असेल तर खुद्द निर्मात्यांनींच ती वेळोवेळीं कां मोडली? आक्षेपांत तथ्य आहे. ‘शोले’ (१९७५) हा पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर घेऊन मग सत्तर मिलिमीटरवर वाढविला गेला, आणि त्या विस्तारांत चित्राचा वरचा व खालचा भाग सोडून द्यावा लागला. व्हित्तोरिओ स्तोरारो या थोर इटालियन छायालेखकांनीं स्वतः छायांकित केलेला ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) घरगुती आवृत्तीसाठीं आपणच दोनास एक या मापांत छाटला होता. परंतु ‘शोले’च्या वेळीं कॅमेऱ्यांतून पाहतांनाच काय राहणार आणि काय जाणार याच्या खुणा ठरलेल्या होत्या, आणि स्तोरारो हे आपल्याच कृतीस हात लावीत होते. त्यांच्याहि छाटणीवर पुष्कळांनीं नापसंती दर्शविली, आणि पुढील आवृत्तींत मूळ रुंदी परत आली. कवीनें आपल्या कवितेंतील कडवें गाळणें आणि वाचकाच्या घरीं तें परस्पर गळणें, या दोन गोष्टी एका मापानें मोजतां येणार नाहींत.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. कित्येक चित्रपट उंच चौकटींत घेऊन चित्रगृहांत वर-खालीं झांकून दाखविले जात. मग टेलिव्हिजनवर तें झांकण काढलें तर प्रेक्षकास अधिक चित्र मिळतें. यांत तोटा कसला? तोटा असा कीं, अधिक म्हणजे उत्तम असें नव्हे. झांकलेल्या भागांत कधीं ध्वनिग्राहक लोंबकळत असतो, कधीं देखाव्याची भिंत जेथें संपते ती कड दिसते. आणि असें कांहीं दिसलें नाहीं तरी पात्राच्या डोक्यावर निष्कारण मोकळी जागा येऊन चित्र ढिलें पडतें. तेव्हां आमचा आग्रह अधिक चित्रासाठीं नाहीं व कमी चित्रासाठींहि नाहीं. जेवढें दाखवावयाचें ठरलें होतें तेवढेंच दिसावें, एवढाच आहे.

तिसरा आक्षेप सामान्य प्रेक्षकाचा आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. तो म्हणतो, पट्टे ठेवले म्हणजे माणसें लहान दिसतात, आणि वृद्ध मंडळींस दुरून चेहरे ओळखूं येत नाहींत. शिवाय कांहीं पडद्यांवर काळा रंग काळा न दिसतां राखी दिसतो आणि अंधाऱ्या खोलींत डोळ्यांस खुपतो. पूर्वीच्या कांहीं संचांत पट्टे सतत राहिल्यास पडद्यावर त्यांचा कायमचा डाग उमटण्याचें भयहि होतें. या अडचणी खऱ्या आहेत, आणि डोळे अधू झालेल्या आजोबांस बातम्या मोठ्या करून दाखविल्या तर त्यांत कलेची कांहींच हानि नाहीं. परंतु लहान दिसणें यावर खुर्ची पुढें ओढणें हा उपाय आहे. छाटलेला भाग परत मिळविण्यास मात्र प्रेक्षकापाशीं उपाय नाहीं.

ही छाटणी आतां रिमोटवरच थांबलेली नाहीं, ती पुरवठादाराकडूनच होऊं लागली आहे. अमेरिकेंतील ‘द सिम्प्सन्स’ या विनोदी व्यंगचित्रमालेचे जुने भाग २०१९ सालीं ‘डिस्ने प्लस’वर आले ते वर-खालीं छाटून, रुंद पडद्यास भरतील असे. त्या मालेंत मद्याच्या कारखान्याचा एक देखावा आहे. तीन निरनिराळ्या नांवांच्या बिअरच्या टाक्या दिसतात, आणि तिन्हींना एकाच नळांतून बिअर येते, हा त्यांतील विनोद. तो नळ चित्राच्या वरच्या भागांत होता. छाटणींत नळ गेला, आणि त्याबरोबर विनोदहि गेला. प्रेक्षकांनीं आवाज उठविल्यावर २०२० च्या मे महिन्यांत मूळ माप परत उपलब्ध झालें. ‘साइनफेल्ड’ ही मालिका २०२१ मध्यें ‘नेटफ्लिक्स’वर आली तेव्हां रस्त्यांतील खड्ड्यावर रचलेल्या एका भागांत खड्डाच चौकटीबाहेर राहिला. विनोदाचीं हीं उदाहरणें आम्हीं मुद्दाम घेतलीं आहेत. गंभीर कृतींत काय हरवलें याविषयीं दोन रसिकांत मतभेद होऊं शकेल. परंतु हंसूं आलें नाहीं ही गोष्ट वादातीत आहे.

इतक्या खटपटीनंतर आजचे दिग्दर्शक तरी पडदा भरण्याच्या मागें लागले आहेत काय? प्रकार उलट दिसतो. वेस अँडरसन यांनीं ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) मध्यें तीन काळांस तीन मापें दिलीं आहेत; १९३० नंतरची कथा जुन्या १.३७ चौकटींत, साठीच्या दशकांतील रुंद चौकटींत, आणि अलीकडचा भाग त्या दोहोंमधल्या मापांत. पोलंडचे पावेल पावलिकोव्स्की यांनीं ‘इडा’ (२०१३) मध्यें जुनी चौकट घेऊन चेहरे तिच्या तळाशीं ठेवले आणि डोक्यावर मोठी रिकामी जागा सोडली; मठांत वाढलेल्या त्या मुलीच्या वर कांहीं तरी अदृश्य आहे, असा भास त्या रिकामेपणानें होतो. अशा चित्रावर ‘झूम’ केलें तर तो भास तर जातोच, पण कधीं हनुवटीहि जाते. कॅनडाचे झाव्हिए दोलान यांनीं ‘मॉमी’ (२०१४) बहुतांशीं चौरस चौकटींत घेतला आहे. त्यांत आनंदाच्या एका क्षणीं तो तरुण नायक दोन्ही हात पुढें करून चौकटीच्या कडा बाजूंस ढकलतो, आणि चित्र रुंद होतें. त्या घटकेपूर्वींचा दोन्ही बाजूंचा काळोख प्रेक्षकानें सोसलेला असेल तरच हा आनंद त्याच्यापर्यंत पोंचतो. येथें काळा पट्टा चित्राच्या बाहेर राहिलेलाच नाहीं, तो कथेंत शिरला आहे.

तेव्हां घरांत काय करावें, याचें उत्तर कठीण नाहीं. बहुतेक संचांत चित्राचें माप मूळचेंच ठेवण्याची योजना असते, आणि अलीकडे कांहीं कंपन्यांनीं ‘फिल्ममेकर मोड’ या नांवाखालीं माप, रंग व गति हीं सर्व निर्मात्यानें ठरविलेल्या रूपांत राखण्याची एकच कळ दिली आहे. ती एकदां दाबून ठेवावी, आणि रात्रीं खोलींतील दिवे मंद करावेत. काळोखांत पट्टे पंधरा मिनिटांत दिसेनासे होतात, कारण डोळा चित्रांत गुंततो. वाहिन्या आणि चित्रपट पुरविणाऱ्या कंपन्या यांजकडून मात्र प्रेक्षकांनीं स्पष्ट मागणी केली पाहिजे. जुन्या बोलपटाची प्रत मूळ मापांत द्यावी, आणि कोणास भरलेला पडदाच हवा असेल तर ती निवड त्याच्या हातीं राहूं द्यावी. त्याच्या वतीनें परस्पर छाटूं नये. ‘द सिम्प्सन्स’च्या प्रेक्षकांनीं हें सहा महिन्यांत घडवून आणलें, आपल्या तुकोबांच्या बाबतींत आपण तेवढेंहि करूं नये काय?

पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, आणि ज्या भूमीवर प्रभातचे बोलपट घडले तेथें आज चित्रपटविद्येचें शिक्षण दिलें जातें. प्रती जतन करण्याचें काम अशा संस्था करतील. परंतु जतन केलेली कृति जेथें अखेर पाहिली जाते तें ठिकाण म्हणजे आपलें घर, आणि तेथील शेवटची कळ आपल्या हातीं आहे. ती दाबण्यापूर्वीं ‘प्यासा’मधील त्या दारांतल्या कवीच्या डोक्यावरची उंची आणि ‘कागज के फूल’मधील त्या दोघांमधली रुंदी आपल्या वाचकांनीं एकवार मनाशीं आणावी, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.